तिसऱ्याला माघारी आणलं

माझ्या सासूचं नाव पंचफुला. तिला तीन मुलगे आणि तिघंही फौजेत. थोरले दिगांबर, मधले ग्यानोबा म्हणजे माझे मालक, आणि धाकटा व्यंकटी. रेणापूरपासून दोन-तीन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आम्हा बौद्धांची वस्ती. सासरे लवकर गेले. सासूनं दुसऱ्यांच्या रानात राबून तीन पोरं वाढवली आणि ती एकामागं एक फौजेत गेली. थोरल्या भाऊजींची बायको पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली, मग त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात सून म्हणून मी एकटीच.

माझं माहेर उमरी. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, म्हणून मला सातवीपर्यंत शिकता आलं. लग्नानंतर मालक दोनदा सुट्टीवर आले. तेवढाच आमचा संसार. दुसऱ्या सुट्टीत त्यांनी मला सायकल शिकवली, रानातल्या गाडीवाटेवर, लोक हसत होते तरी.

एकाहत्तरच्या लढाईत पहिली तार आली ती दिगांबर भाऊजींची. पूर्वेकडच्या लढाईत गेले. शाळेतले शिवमूर्ती गुरुजी तार वाचायला आले, त्यांनी नीट समजावून सांगितलं. वस्तीच काय, वरच्या आळीचीही माणसं येऊन बसली. आत्या, म्हणजे माझी सासू, भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही.

आठवडाभरानं पोस्टमन दुसरी तार घेऊन आला. पुन्हा गुरुजींना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्याच तार वाचली. मग घडी घातली आणि म्हणाले, "तीच हाय. कधी कधी दोनदा येती." आणि चहा न घेता भराभरा निघून गेले.

आत्या म्हणाली, "बरं झालं."

त्या संध्याकाळी मी चूल नीट पेटवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली. आत्यालाही बळंच दोन घास चारले. थोरले गेले होते, पण तार एकच होती, आणि माझे मालक कुठंतरी होते.

सकाळी गुरुजी परत आले. टोपी हातात होती. कधी वस्तीत न बसलेला माणूस, आमच्या दारात खाली मातीत बसला. म्हणाले, "माई, काल माझ्या तोंडून निघालं न्हाई. ती दुसरी तार हाय. ग्यानोबाची."

गुरुजींचा राग मला पुढं कधी आला नाही. पण त्या संध्याकाळच्या भाकरीची चव अजून तोंडातून जात नाही.

लढाई संपली. जानेवारीत व्यंकटी सुट्टीवर आला. तो सप्लायच्या गाड्या चालवायचा, लढाईच्या मागं मागं. चार दिवस राहिला, कुणाशी धड बोलला नाही, आणि परत गेला. तो गेला आणि आत्याच्या पायाला जणू भिंगरी लागली. तव्यावर भाकरी टाकायची आणि तशीच उठून बाहेर पडायची. सडकेपर्यंत जायची, उभी राहायची, परत यायची. भाकरी करपलेली असायची. रडताना मी तिला पाहिलंच नाही. नुसती चालत राहायची.

एक दिवस मला म्हणाली, "सिंधे, लुगडं बदल. उस्मानाबादला जायचंय."

तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद. एसटीनं दुपार झाली पोचायला. फौजी लोकांच्या घरच्यांसाठी तिथं कचेरी होती. तिथले साहेब स्वतः फौजेतून आलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी उठून आत्याला खुर्ची दिली. आत्या बसली नाही.

"साहेब, दोघं गेले. तिसरा मला माघारी पायजे."

साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "माई, लढाई संपली आता. त्याला काही धोका नाही."

"ते दोघं घरातून गेले तवा कुटं लढाई होती?"

 साहेबांनी कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. आत्यानं अंगठा उठवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्या, भाऊजींना इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं? माझं लेकरू हाय."

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. आदल्या साली पाऊस अर्धाच होता, यंदा तेवढाही नाही. आभाळ रोज भरून यायचं आणि दुपारपर्यंत पांढरं व्हायचं. अशाच एका दुपारी व्यंकटी आला. डोक्यावर काळी ट्रंक. ती त्यानं दारात ठेवली आणि आईकडं न बघता म्हणाला, "बोलावलंस, आलो."

बस. त्यानंतर तो आईशी बोलायचा बंद झाला.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. सडकेच्या कडेला खडी फोडायची. वरच्या आळीची, खालच्या वस्तीची, सगळी एका रांगेत बसून खडी फोडत होती. रेशनवर आलेल्या मिलो नावाच्या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरी खाऊन पोटं दुखायची. फौजेची मोठी गाडी चालवलेला व्यंकटी माझ्याशेजारी बसून हातोडा मारायचा. असा मारायचा की दगडाच्या ठिकऱ्या लांबवर उडायच्या. मुकादम म्हणायचा, "अरे, खडी पायजे, पीठ न्हाई."

आणि आत्या त्याच्या मागं. तो नदीवर गेला तर ती नदीवर. तो न्हाव्याकडं बसला तर ही समोरच्या कट्ट्यावर. पोरं हसायची, "व्यंकट्या, आई आली बघ." एकदा भरल्या बाजारात तो तिच्यावर ओरडला. परत आल्यापासून तिच्याशी पहिल्यांदाच बोलला तो असा, "मी काय शेरडू हाय का, राखायला?"

आत्या म्हणाली, "हाव."

तो मग लातूरला गेला. जड गाडीचं लायसन होतं, पाण्याच्या टँकरवर लागला. ट्रकवर लोखंडी टाकी बसवलेली, मांजरेच्या एका डोहावर इंजिन लावून ती भरायची आणि कोरड्या गावांना पाणी पोचवायचं. त्याला वाटलं असेल, सुटलो. गाडी गावावरूनच जायची, म्हणून ती तो आमच्या सडकेला लावून घरी यायचा. पहिल्या दिवशी पहाटे उठून गेला, तर शेजारी किन्नरच्या, म्हणजे क्लीनरच्या, जागेवर आत्या बसलेली. पदर खोचलेला, मांडीवर भाकरीचं फडकं.

"उतर."

"न्हाई."

"साहेब मला काढून टाकतील."

"टाकू देत. मग आपून खडी फोडू."

त्यानं गाडी सुरू केली. असं महिनोन्‌महिने चाललं. टँकरवाल्या साहेबांच्या कानावर गेलं, पण त्यांनीही दोन तारांची गोष्ट ऐकलेली. बघून न बघितल्यासारखं केलं.

मी एकदा गेले त्यांच्याबरोबर. आत्या काय करते बघायचं होतं. एका गावात गाडी थांबली तशी घागरी घेऊन बाया धावल्या. आत्या खाली उतरली, पाइप तिनं स्वतःच्या हातात धरला. "एकेकीनं या. ढकलाढकली केली तर बंद करीन." दोन-तीन बाया मागं सरकल्या. कुणीतरी पुटपुटलं, ह्यांच्या हातचं पाणी का? एक म्हातारा पुढं आला, "माय, पाइप पोराच्या हातात दे ना."

आत्यानं पाण्याची तोटी बंद केली. "नगं असंल तर नगा घिऊ. पुढच्या गावाला बी तहान लागलीय."

 ऊन मी म्हणत होतं. मग एका पोरगेल्या बाईनं घागर पुढं केली, आणि तिच्यामागं रांग लागली. तो म्हाताराही रांगेत लागला. व्यंकटी स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्याला त्यात काही घेणं-देणं नसल्यासारखा.

घरी आला की तो बसत नसे. उभ्यानं खायचा. मध्येच उठून गाडीभोवती फेऱ्या मारायचा, टायरांना लाथा घालायचा. एकदा मी पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "वैनी, तिथं माझ्या जागेवर दुसरा आला असंल. माझी गाडी चालवत असंल. आन् मी हितं काय करून राहिलो?"

"पाणी पाजवून राहिलात," मी म्हणाले.

"त्ये कुणी बी पाजंल."

त्याच सुमारास आत्यानं दुसरं एक काढलं. माझं व्यंकटीशी लग्न लावायचं. आमच्यात त्यात वावगं काही नव्हतं, वस्तीतल्या जाणत्यांनीही मान हलवली. आत्याच्या मनात सरळ हिशेब होता. पोरगाही घरात राहील, सूनही घरात राहील, कुणी कुठं जाणार नाही. मला तिनं विचारलं नाही, त्यालाही नाही.

मीच त्याला विचारलं, तो सडकेला गाडी लावून येताना खडीच्या ढिगाऱ्यामागं गाठून. "भाऊजी, तुमच्या मनात काय हाय?"

तो खाली बघत म्हणाला, "वैनी, तुमी दादाची बायको. मला दुसरं काय दिसत न्हाई."

"मला बी न्हाई दिसत. मला नांदेडला जायचंय. नर्सचं शिकायला. उमरीवरनं बाबांनी निरोप धाडलाय, जागा निघाल्यात म्हणून."

"मग जावा."

"आत्या?"

तो हसला, वाईट हसला. "तिला सोडून कुणाला जाता येत न्हाई. मेल्याबिगर."

 ते शब्द मी कुणाजवळ बोलले नाही. बोलून काय सांगणार होते?

पुढं जे झालं ते मला आत्यानं सांगितलं. कडक उन्हाळ्याचे दिवस होते, पाऊस अजून लांब. दुपारी टाकी रिकामी करून दोघं परत निघाली होती. वाटेत मांजरेवर नवीन पूल बांधायला घेतलेला. अर्धाच झालेला, पुढं नुसती हवा आणि खाली कोरड्या नदीतले खडक. गाड्या खालून, वाळूतल्या वाटेनं जायच्या. पुलाच्या तोंडाशी दोन पिंपं आडवी लावलेली. व्यंकटीनं गाडी वाळूच्या वाटेला घेतलीच नाही. सरळ घेतली. एक पिंप उडालं. रिकामी टाकी मागं धडधडत होती आणि तो गाडी दामटत होता.

आत्या म्हणाली, "सिंधे, मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला मी दिसतच नव्हते. मग मला समजलं."

ती ओरडली नाही. तिनं त्याचा हात धरला नाही. समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "तुझ्या मनात असंल तर चल. मी उतरणार न्हाई."

गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक कडेपासून हातभर होतं. इंजिन बंद पडलं. व्यंकटी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागला. दोन भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. गाडी तापून आत भट्टी झाली होती तरी दोघंही उतरली नाहीत.

मग तो बोलला. लढाईच्या आधी जालंधर स्टेशनावर त्याला ग्यानोबा भेटला होता. फौजेची गाडी थोडा वेळ थांबली, तेवढ्यात दोघा भावांची गाठ पडली. फलाटावर उभं राहून पुरीभाजी खाल्ली. आणि भांडले. ग्यानोबा म्हणत होता, "तू नाव काढून घे अन् आईकडं जा. दोघं बास हायेत फौजेला." व्यंकटी म्हणत होता, "तू जा. तुझी बायको हाय घरी. मी एकटा जीव." आवाज इतका चढला की दुसरे शिपाई सोडवायला आले. शिट्टी झाली. ग्यानोबा डब्यात चढला तरी दारातून ओरडत होता, "तूच जाणार हाईस! बघ तू!"

"आन् मीच आलो, आई," व्यंकटी म्हणाला. "त्यानं भांडण जिकलं. दादासमोर तोंड वर करून सांगायला पायजे होतं, की बघ, तूच गेलास घरी. तेवढं बी नशिबात न्हाई. तू मला माघारी आणलं न्हाईस. त्यानं धाडलंय मला."

आत्यानं विचारलं, "तुला परत फौजेत जायचंय?"

"आता कोण घेतंय."

"मग कुटं जायचंय?"

"म्हाईत न्हाई. कुटंतरी. मला तू बघत नसशील असं कुटंतरी."

आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा ती उखळाजवळ बसली होती.  सांगून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या मालकानं त्याला धाडला, असं म्हणून राहिला त्यो. मला वाटायचं, मी आणला."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी दारात आले. आत्या अंगणात उभी होती, पदर खोचलेला, पण हातात भाकरीचं फडकं नव्हतं. व्यंकटीनं इंजिन चालू ठेवून तिची वाट बघितली. मग काच खाली करून विचारलं, "येत न्हाईस?"

"न्हाई. किन्नर घे एखादा. त्या पाइपाला हात लागतो."

तो गेला. आत्या दिवसभर अंगणातून आत, आतून अंगणात करत राहिली. सडकेपर्यंत मात्र गेली नाही. दुपारी मला म्हणाली, "नांदेडला कवा जायचंय?"

मी दचकले. मी तिला काही सांगितलंच नव्हतं.

"त्यानं सांगितलं गाडीत," ती म्हणाली. "जा. तुला डांबून ठिवलं तर तू बी कुटल्या पुलावर जाशील."

मी नांदेडला गेले. पुढच्या पावसाळ्यात पाणी झालं, टँकर बंद पडले. व्यंकटी ट्रकवर लागला, निजामाबाद, हैदराबाद, कुठं कुठं. चार-चार महिने घरी यायचा नाही. आत्या त्याची वाट बघायची, पण त्याच्या मागं गेली नाही. सुट्टीत मी घरी गेले की ती मला विचारायची, "ट्रक उलटतात का गं लई?" मी म्हणायचे, "न्हाई आत्या." तिला खरं ठाऊक होतं, मलाही. तिची झोप गेली ती गेलीच. पण तो आला की ती त्याला जेवायला वाढून स्वतः बाहेर जाऊन बसायची. कुठून आलास, कधी जाणार, काही विचारायची नाही. हळूहळू तोच बाहेर येऊन तिच्याजवळ बसायला लागला. मग एसटीत लागला, लातूरला. लग्न केलं, मुलगी झाली. अंगातली तगमग पुरती गेली नाही. आजही सुट्टीच्या दिवशी त्याला घरात करमत नाही, उगाच डेपोत जाऊन उभा राहतो.

मी इस्लापूरला नर्स म्हणून लागले. तिथल्या दवाखान्यातल्या यादवरावांनी मला मागणी घातली. मी आत्याला विचारायला घाबरत होते. ती स्वतः उमरीला गेली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "तुमी नगा देऊ. माझ्या घरातली लेक हाय, मी देते." तिनंच माझं लग्न लावलं. बुद्धवंदना घेताना तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. त्या दिवसांत ठिकठिकाणी कार्यक्रम होते. एका शाळेच्या पटांगणात शहीद जवानांच्या आयांचा सत्कार ठेवला होता. आम्ही इस्लापूरहून आलो, यादवराव, मी आणि आमची लहान पोर. व्यंकटी ड्युटीच्या खाकी कपड्यांतच आला. आम्ही मागं बसलो. माझ्या गळ्यात दुसऱ्याचं मंगळसूत्र, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू. पुढं जायचं मला काही कारण नव्हतं.

माइकवरून नाव पुकारलं, "देशाला दोन पुत्र अर्पण करणाऱ्या वीरमाता पंचफुलाबाई सोनकांबळे." आत्या वर गेली. पाहुणे शाल घालायला पुढं झाले तर ती म्हणाली, "थांबा." आणि माइकजवळ तोंड नेऊन हाक मारली, "सिंधु, वर ये."

सगळी माणसं वळून बघायला लागली. मी पोर घट्ट धरून बसून राहिले. यादवरावांनी पोर माझ्या मांडीवरून उचलली आणि म्हणाले, "जा ना. बोलवून राहिल्या त्या."

मी वर गेले. आत्यानं माझं मनगट धरलं.  पाहुण्यांनी शाल आम्हा दोघींच्या खांद्यांवर मिळून घातली, कारण एकच होती. मग कुणीतरी म्हणालं, माई, दोन शब्द बोला. आत्या बोलली.

"तुमी म्हणता अर्पण केले. मी कुणाला अर्पण केले न्हाईत. गावात त्यांना काम नव्हतं आन् मान नव्हता. फौजेत दोनी मिळत होतं, म्हणून गेले. चांगले होते. थोरला लई शांत होता. मधला भांडकुदळ होता. एवढंच मला ठावं हाय."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. ती खाली उतरली, आणि पुढचं भाषण सुरू झालं तरी खुर्चीवर बसली नाही. सरळ फाटकातून बाहेर पडली.

आम्ही तिला स्टँडवर आणलं. व्यंकटीची गाडी चारला सुटायची होती, आमचीही त्याच सुमाराला. यादवरावांनी चहा आणला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आई, थोरले लहानपणी कसे होते?"

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. ती बोलायला लागली. दिगांबर पाटलाच्या मळ्यातून ऊस कसा आणायचा आणि धाकट्यांना देऊन स्वतः चिपाडं चोखायचा. ग्यानोबानं मास्तरशी वाद घालून दोन दिवस शाळा कशी सोडली होती. व्यंकटी मध्येच म्हणायचा, "न्हाई आई, ते मी केलतं," आणि ती म्हणायची, "गप, तुला काय आठवतंय." बसायला बाकडं रिकामं होतं, पण ती उभी राहूनच, फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत सांगत होती. मध्येच एका मुलाच्या नावानं दुसऱ्याची गोष्ट सुरू करायची, थांबायची, दुरुस्त करायची. माझी पोर तिचा पदर धरून मागं मागं फिरत होती.

व्यंकटीच्या कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. तो गेला, धावत. आमची इस्लापूरकडची गाडी कधी लागली आणि कधी सुटली, आम्हाला समजलंच नाही.